वारलू सिडामचे कान

वारलू सिडाम पहिल्यांदा माझ्यासमोर बसला तेव्हा त्यानं मला फसवायचा प्रयत्न केला.

मी चंद्रपूरच्या एका दवाखान्यात लोकांचे कान तपासते. तपासणीची खोली म्हणजे कपाटापेक्षा जरा मोठा डबा. आतून भिंतींना स्पंज, समोर एक काच. माणूस आत बसतो, कानांवर हेडफोन, हातात बटण. बाहेरून मी एकेक बारीक सूर सोडते आणि तो ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. वारलू बरोबर बटण दाबत होता. जरा जास्तच बरोबर. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं, की तो काचेतून माझ्या खांद्याकडे पाहतोय. कळ दाबताना माझा खांदा किंचित हलतो. तो हलला की हा बटण दाबायचा. सोळा वर्षं मी हे काम करते आहे. माझा खांदा हलतो हे तोपर्यंत मलाही माहीत नव्हतं.

मी आत जाऊन त्याची खुर्ची भिंतीकडे फिरवली. त्यानंतर तो बराच वेळ हातात बटण धरून नुसता बसून राहिला.

पुढे तो दोनदा चंद्रपूरला आला. त्यातल्या एका खेपेला बायको सुगंधा बरोबर होती. मीही एकदा त्याच्या गावी जाऊन आले. हे सगळं त्या भेटींमधून कळलेलं आहे.

वारलूचं गाव सावली तालुक्यात. धानाच्या बांध्या संपतात आणि जंगल सुरू होतं, तिथं ऐंशी घरं. त्याचा बाप दसरू बांबू तोडायला जायचा आणि आठ वर्षांच्या वारलूला बरोबर न्यायचा. दसरूला बोलायची फार सवय नव्हती. चालता चालता तो थांबायचा, बोट वर करायचा. मग दोघं उभे राहून ऐकायचे आणि काय ऐकलं ते पोरानं सांगायचं. वाळल्या पानांवरून गाय चालली तर आवाज सरळ येतो. अस्वल पाय घासत चालतं. रानडुकरं थांबत थांबत उकरतात. आणि दोन पावलं वाजली, नंतर काहीच वाजलं नाही, तर तिथून परत फिरायचं. वाघ असेलच असं नाही, पण परत फिरायचं.

सात वर्षांपूर्वी सरपणाला निघालेल्या नऊ बायकांना वारलूनं नाल्याच्या काठावर असंच थांबवलं होतं. त्याला दोन पावलं ऐकू आली होती, एवढंच. बायकांनी कुरकुर केली, पण परतल्या. दुपारी वनरक्षक तिथं गेले तेव्हा नाल्यात अर्धवट खाल्लेलं डुक्कर सापडलं आणि ओल्या रेतीत ताजे पंजे. त्यानंतर गावातल्या बायका मोहफुलं वेचायला निघाल्या की आधी विचारायच्या, "वारलू येते का?" पुढं जंगलखात्यानं गावातल्या पाच जणांचं पथक केलं. बायका जंगलात गेल्या की त्यांच्याभोवती उभं राहायचं, वाघाचा माग दिसला की कळवायचं. पथकात पहिलं नाव वारलूचं लागलं. त्याला एक जाकीट, एक शिटी आणि एक काठी मिळाली.

मोबाइल त्यानं या कामासाठीच घेतला. पंजाचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या गटावर टाकावा लागे. करोनानंतरच्या वर्षी गावाबाहेर टॉवर उभा राहिला आणि मग मोबाइलवर नाटकं दिसू लागली. झाडीपट्टीतल्या नाटकांचा वारलूला आधीपासून नाद. थंडीत तीन-चार कोसांवर नाटक असलं तरी तो पायी जाऊन यायचा. आता तीच नाटकं खिशात आली. साळ्यानं, पवननं, नागपूरहून गळ्यात अडकवून कानात घालायचा एक ब्लूटूथ पट्टा आणून दिला आणि वारलूचे दिवस बदलले.

पावसाळ्यात जंगलातल्या चौकीवर दिवसभर बसावं लागे. तिथं तो ऐकायचा. धानाच्या रोवणीआधी, बांध्यांत चिखलणी करायला, पथकातल्याच खुशालचा ट्रॅक्टर तो आणि खुशाल आळीपाळीनं चालवत. एक जण सकाळी, एक दुपारी. ट्रॅक्टरच्या आवाजात नाटकातली बोलणी कळत नसत, म्हणून वारलू आवाज वाढवायचा. वाढवत वाढवत तो शेवटच्या रेघेपर्यंत जाई. मोबाइलवर एक सूचना यायची की आवाज जास्त आहे, कानाला त्रास होऊ शकतो.

"मग तुम्ही काय करायचात?" मी विचारलं.

"ओके करो," तो म्हणाला. "ओके केल्याबिगर पुढं वाजेच ना."

अशी तीन वर्षं गेली. पावसाळ्यात रोज पाच-सहा तास, एरवी दोन-तीन. जंगलात बायकांबरोबर असताना मात्र त्यानं ब्लूटूथ कधी गळ्यातही घातला नाही. हे त्यानं मला दोनदा सांगितलं, सुगंधानंही सांगितलं.

पहिली खूण सुगंधाला कळली. माघ महिना, दुपार. अंगणात ती तांदूळ निवडत होती.

"यंदा रातकिडे लवकर आले का?" वारलूनं विचारलं.

"भर दुपारी कायचे रातकिडे जी?"

"ओरडून नाई राह्यले?"

सुगंधानं हात थांबवून ऐकलं. कुठं काही नव्हतं. "तुमच्या कानात असन," ती म्हणाली आणि पुन्हा सुपाकडे वळली. तिच्या मनात काही नव्हतं, सहज बोलून गेली. पण ते खरं होतं.

वारलूनं लसूण घालून कढवलेलं तेल कानात सोडलं. सावलीच्या एका औषधवाल्यानं थेंब दिले, तेही घातले. आवाज गेला नाही. रातकिड्यांची ती किरकिर सकाळी उठल्यापासून चालू असे. दुसरी गोष्ट जास्त हळू घडली, म्हणून त्याला ती उशिरा उमगली. त्याची मुलगी रंजीता नववीत होती, तिचा आवाज बारीक. ती काही बोलली की त्याला शब्दांचे तुकडे ऐकू यायचे. 'सात' की 'हात', 'साडी' की 'गाडी', ते कळेना. तो तिच्यावर चिडायचा.

"तोंडातल्या तोंडात काऊन बोलतेस वो? नीट बोल नं!"

"नीटच बोलून राह्यली बाबा मी."

काही महिन्यांनी रंजीतानं त्याच्याशी बोलणंच कमी केलं. काही हवं असलं की ती आईला सांगायची.

गावात तेव्हा टॉवरची चर्चा होती. एका म्हाताऱ्याला पक्षाघात झाला, एकीची शेळी गाभडली, दोघांची डोकी दुखू लागली. सगळ्याचं कारण टॉवर. समाजमंदिरात बैठक झाली तेव्हा खुशाल म्हणाला, "वारलूभाऊचे कान पाहा नं. टॉवरच्या लहरी डोक्यात शिरते, मंग असंच वाजते." तोपर्यंत वारलूनं कान वाजतात एवढंच लोकांना सांगितलं होतं, ऐकू कमी येतं हे नाही. टॉवर हटवा म्हणून अर्ज लिहिला गेला. वारलूनं त्यावर पाचवी सही केली.

तो म्हणाला, त्या दिवशी त्याला बरं वाटलं. कोणाची तरी चूक सापडली होती. मोबाइल शर्टाच्या खिशात ठेवायचं त्यानं सोडलं. टॉवरजवळचा रस्ता टाळून तो तळ्याच्या पाळीवरून लांबून घरी येऊ लागला. गळ्यातला ब्लूटूथ तसाच राहिला. उलट कानातली किरकिर नाटकाच्या आवाजाखाली दबते असं त्याच्या लक्षात आलं, म्हणून तो आता जास्त वेळ ऐकू लागला.

जंगलात तो डोळ्यांवर काम भागवू लागला. मान वळलेली गाय, अचानक उडालेले सातभाई, बायकांचे चेहरे. एखादी बाई कुठं टक लावून पाहते आहे असं दिसलं की तोही तिकडं पाहायचा. बायकांना वाटायचं, वारलूनं आधी ऐकलं. एक मोहाचा हंगाम असा निघाला. तेंदूपानांचाही निघाला. काही झालं नाही.

पुढच्या वर्षी, मोहफुलं पडायला लागून दहा-बारा दिवस झाले होते. सकाळचे सात वाजले असतील. अकरा बायका मोहाच्या चार झाडांखाली वेचत होत्या. खुशाल रस्त्याच्या बाजूला उभा होता आणि वारलू नाल्याच्या. धोका नाल्याकडून असतो, म्हणून तिकडं कायम वारलू. त्याच्या सगळ्यांत जवळ गुणाबाई वेचत होती. साठीच्या पुढची विधवा बाई, एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला.

चितळ ओरडलं, वाघ दिसल्यावर ओरडतं तसं. गुणाबाईनं मान वर केली. वारलू शांत उभा होता, तोंड बायकांकडे. त्याअर्थी काही नसेल असं समजून ती पुन्हा वाकली. चितळ पुन्हा ओरडलं, जवळून. पुन्हा तिनं वारलूकडे पाहिलं. तो तसाच. वाघ दिसला की माकडंही खाकरतात, पण ती त्या बाजूला नव्हती. त्यांचा खाकरा जाड असतो, तो त्याला ऐकू आला असता. मग गुणाबाईला पानं वाजलेली ऐकू आली. दोनदा. नंतर वाजली नाहीत.

"वारलू," ती म्हणाली. मग जोरात, "वारलू गा!"

पण तिचा आवाजही म्हातारपणानं चिरका झालेला. वारलू तेव्हा दुसऱ्या झाडाकडे पाहत होता. गुणाबाईनं पाण्याचा जर्मनचा डबा उचलला आणि दगडावर आपटला.

तो वळला. गुणाबाईचा हात त्याच्या पाठीमागे दाखवत होता. पळसाच्या झुडपात, त्याच्यापासून पंचवीस पावलांवर वाघीण उभी होती.

पुढचं वारलूनं चोख केलं. पळाला नाही, पाठ दाखवली नाही. शिटी फुंकली, काठी डोक्यावर धरली. बायका आवाज करत एका जागी गोळा झाल्या, खुशाल धावत आला. सगळे खांद्याला खांदा लावून एकेक पाऊल मागे सरकले. वाघिणीनं त्यांच्याकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं आणि ती नाल्यात उतरून गेली. दोन मिनिटंही लागली नसतील. कोणाला खरचटलंही नाही. अर्ध्या टोपल्या झाडाखालीच राहिल्या.

गावाकडे येताना बायका एकमेकींना सांगत होत्या, "वारलू होता मनून वाचलो." वारलू पुढं चालत होता. त्यानं ते ऐकलं की नाही हे मी त्याला विचारलं नाही.

दुपारी गुणाबाई त्याच्या अंगणात आली. सुगंधा भांडी घासत होती. गुणाबाई वारलूच्या अगदी समोर जाऊन बसली.

"तुले आयकू येत नाई," ती म्हणाली.

"काऊन येत नाई? आता आयकूनच राह्यलो नं."

"आता तोंड पाहून राह्यला माहं. येताना मी तुह्या मागं होती. तीनदा हाक मारली. मंग तुह्या बापाच्या नावानं शिवी देल्ली. तू वळला नाई."

"पायाखाली ध्यान होतं."

"दसरूच्या पोराचं ध्यान पायाखाली असन, त कान कुठी गेले होते?"

वारलू उठून उभा राहिला. "सकाळी तुमचे जीव वाचवले, आन तू माह्या घरी येऊन मले भैरा मनतेस बाई?"

गुणाबाई बसूनच राहिली. "मी डबा आपटला मनून तू वळला. बाकीच्या बायकांले नाई दिसलं, मले दिसलं. ते वाघीन माह्यावर नाई येत होती वारलू. तुह्यावर येत होती."

सुगंधानं हातातलं भांडं खाली ठेवलं.

"चार रोज देते तुले," गुणाबाई म्हणाली. "तू सांग. नाई सांगितलं त मी सांगन."

त्या चार दिवसांत तिनं ते गावात कोणाला सांगितलं नाही. वारलू दुसऱ्या दिवशी कामावर गेला नाही. खुशाल बोलवायला आला तेव्हा त्यानं ताप आहे म्हणून सांगितलं. त्या दिवशी वारलूच्या जागी पथकातला दुसरा एक जण उभा राहिला. तिसऱ्या दिवशी वारलू पहिल्या बसनं निघाला, मूलला बस बदलली आणि अकरा वाजता माझ्यासमोर येऊन बसला. निघताना त्यानं ठरवलं होतं, की कान चांगले आहेत असा कागद मिळाला तर तो गुणाबाईला दाखवायचा. म्हणून तो माझ्या खांद्याकडे पाहत होता.

खुर्ची फिरवल्यावर जो आलेख निघाला तो मी त्याच्यापुढे ठेवला. जाड आवाजांपाशी रेघ जवळजवळ ठीक होती. बारीक आवाजांपाशी ती दोन्ही कानांत खड्ड्यासारखी खाली गेली होती. पानांची सळसळ, किड्यांचा आवाज, लांबून ओरडणारं चितळ, मुलांचं बोलणं, हे सगळं त्या खड्ड्याच्या आसपास पडतं.

"हे भरून येईन का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"तेलानं?"

"नाही. औषधानं नाही, ऑपरेशननंही नाही. इथंच थांबवता मात्र येईल. ऐकायला मशीन मिळेल, त्यानं घरातलं बोलणं कळेल."

त्यानं आलेखातल्या खड्ड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "टॉवरनं झालं नं मॅडम हे?"

हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोणी विचारतं. टॉवरबद्दल, मोबाइलच्या लहरींबद्दल मोठमोठे अभ्यास झालेत, चालू आहेत. माझ्या वाचनात आलंय त्याप्रमाणे ठोस असं काही हाती लागलेलं नाही. त्यावर याहून जास्त बोलण्याइतकं माझं ज्ञान नाही, हेही मी सांगते. पण आलेखातला हा खड्डा माझ्या ओळखीचा आहे. सिमेंटच्या कारखान्यात काम केलेल्यांना तो असतो, खाणीतल्या लोकांना असतो, लग्नात बँड वाजवणाऱ्यांना असतो. मी विचारलं, "तुम्ही मोठ्या आवाजात काम करता का?"

त्यानं ट्रॅक्टरचं सांगितलं. मग खिशातून ब्लूटूथ काढला आणि टेबलावर ठेवला.

"रोज किती वेळ?"

त्यानं सांगितलं. मी तो माझ्या आवाज मोजायच्या यंत्राला लावला आणि त्याला म्हटलं, तुम्ही ठेवता तेवढा आवाज करा. त्यानं एक नाटक सुरू केलं आणि कळ शेवटपर्यंत नेली. आकडा शंभरच्या वर गेला. "एवढा आवाज कानाला दिवसाकाठी पाव तासही जड होतो," मी म्हणाले. "तुम्ही सहा तास ऐकत होता."

ट्रॅक्टरनं किती बिघडवलं आणि या पट्ट्यानं किती, हे आलेखावरून वेगळं काढता येत नाही. तेही मी त्याला सांगितलं. एकावर दुसऱ्याची भर पडली, एवढं नक्की.

"मोबाइलनं सांगितलं होतं," तो म्हणाला. कागदाची घडी करून त्यानं ती जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवली. ब्लूटूथ माझ्या टेबलावर राहिला. विसरला असेल म्हणून मी हाक मारली, पण तो वळला नाही. शिपायाला पळत पाठवलं, तेव्हा वारलू त्याला म्हणाला, राहू द्या तिथंच.

गावात गेल्यावर त्यानं आधी खुशालला सांगितलं, मग पथकाचं काम पाहणाऱ्या वनरक्षक मॅडमना. आणि मग स्वतःच म्हणाला, बायकांना बोलवा. समाजमंदिरासमोर त्या अकराही आल्या. वारलूनं उभं राहून सांगितलं, की मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. त्या दिवशी वाघीण मी नाही ऐकली, गुणाबाईनं ऐकली.

मग एक तरणी बाई उठली.

"माही दोन लेकरं घरी होती वारलूभाऊ. तुमच्या भरोशावर मी गेली होती."

"हाव."

"तुमाले कवापासून माहीत होतं?"

वारलूला काही महिने म्हणता आलं असतं. तो म्हणाला, "एक साल झालं."

ती बाई आणखी बोलली, इतर दोघी-तिघी बोलल्या. एकदम बोलल्यामुळं त्याला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण तो शेवटपर्यंत उभा राहिला. सुगंधा म्हणाली, लग्नाला अठरा वर्षं झाली, एवढी मान खाली घातलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. घरी आल्यावर रंजीतानं त्याला पाणी दिलं आणि त्याच्या तोंडासमोर येऊन, प्रत्येक शब्द सुटा सुटा करत विचारलं, "बाबा, मंग माह्यावर चिल्लावत होते ते याच्याच्यानं का?" त्यानं मान हलवली. त्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर झोपली आणि सकाळी तिनं त्याचा आलेख मागून घेऊन वाचला.

मोहफुलं अजून पडतच होती, बायकांना जाणं भाग होतं. तोडगा बायकांनीच काढला. गुणाबाईनं वेचायचं नाही. तिनं नाल्याच्या बाजूला झाडाला पाठ टेकून बसायचं आणि फक्त ऐकायचं. प्रत्येकीनं आपल्या टोपलीतली दोन ओंजळी फुलं तिला द्यायची. तिच्याजवळ खुशाल काठी घेऊन उभा राहील. गुणाबाईला हे पटायला वेळ लागला. नुसतं बसून खाल्लेलं तिला चालत नव्हतं. "माहे कान काय सरकारी हायेत का?" असं ती दोन दिवस म्हणत होती, तिसऱ्या दिवशी जाऊन बसली.

वारलूला पथकातून काढलं नाही, पण बायकांबरोबर उभं राहणं बंद झालं. उजाडल्यावर, बायका निघायच्या आधी तो आता जंगलाच्या कडेनं माग पाहत फिरतो. पंजा कधीचा, कुठं गेला, नर की मादी, हे त्याला अजूनही इतरांपेक्षा चांगलं कळतं. बरोबर एक ऐकणारा माणूस असल्याशिवाय तो जात नाही. मशीन मिळालं तेव्हा पहिल्याच दिवशी तो ते घालून जंगलात गेला आणि अर्ध्या वाटेवरून परतला. "पानं फुटान्यावानी फुटते मॅडम," त्यानं मला सांगितलं. "कोन्या बाजूनं फुटते तेच समजत नाई." जंगलात मशीन तो घालत नाही. घरात घालतो, कारण त्यानं रंजीताचं बोलणं कळतं. आता ती जास्त बोलते, कधी कधी कंटाळा येईपर्यंत बोलते, असं त्यानंच सांगितलं.

टॉवर जिथं होता तिथं आहे. अर्जाला उत्तर आलं नाही. वारलूनं सरपंचाकडे जाऊन आपली सही खोडायला सांगितली. सरपंच म्हणाले, अर्ज तर केव्हाच गेला. त्यावर खुशाल त्याच्याशी भांडला, टॉवरवाल्यांनी तुला काय दिलं म्हणून विचारलं. दोघं आठ दिवस बोलत नव्हते.

तो अबोला मिटला तो चिखलणीच्या आधी. खुशालचा ट्रॅक्टर दुरुस्त होऊन आला. वारलू त्याच्या घरी गेला आणि म्हणाला, "मी ट्रॅक्टर धुवून देतो. पन आधी कान दाखवाले चंद्रपूरले चाल." खुशाल त्याच्याहून सात वर्षांनी लहान. त्याच ट्रॅक्टरवर तोही कानात दोरीचे इअरफोन घालून बसायचा, तोही आवाज शेवटपर्यंत न्यायचा. तो तयार नव्हता. माझे कान मस्त आहेत म्हणाला. वारलू त्याच्या ओट्यावर बसून राहिला. शेवटी खुशाल निघाला, आणखी दोघे ट्रॅक्टरवाले निघाले. चौघांना मी एका दुपारी तपासलं. वारलूचा आलेख आधी होता तिथंच होता, खाली गेला नव्हता. दोघांचे कान ठीक होते. खुशालच्या डाव्या कानाची रेघ बारीक आवाजांपाशी जराशी वाकलेली होती. त्याला स्वतःला अजून काही जाणवत नव्हतं.

मी आलेख दाखवला तेव्हा खुशाल हसला. एवढंसं तर आहे, म्हणाला. वारलूनं आपला कागद काढून शेजारी ठेवला. दोन्ही कागद शेजारी शेजारी पाहिल्यावर खुशालचं हसू गेलं.

"याचं थांबते नं अजून?" वारलूनं विचारलं.

"थांबतं. आजपासून थांबवलं तर."

बाहेरच्या बाकावर दोघांचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. खिडकीतून दिसत होतं, वारलू बोलत होता आणि खुशाल मान खाली घालून आपल्या इअरफोनच्या दोरीला गाठी मारत होता. नंतर कळलं, की त्या पावसाळ्यात ट्रॅक्टरवर दोघांनीही कानात मी दिलेली रबरी बुचं घातली आणि नाटकाशिवाय चिखलणी केली. खुशाल म्हणतो, फार कंटाळा येतो. वारलूलाही येतो.

मागच्या महिन्यात सुगंधाचा फोन आला. मशीनचे सेल संपले होते. सावलीत मिळत नाहीत, मूललाही दोन दुकानं फिरून झाली. वारलू चार दिवसांपासून मशीन खिशात घेऊन फिरतो आहे आणि घरात पुन्हा सगळ्यांना ओरडून बोलावं लागतं आहे, असं ती म्हणाली. मी सेलची दोन पाकिटं घेतली, वर त्याचं नाव आणि गाव लिहिलं आणि सावलीकडे जाणाऱ्या दुपारच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिली. तो म्हणाला, गावाच्या फाट्यावर गाडी थांबवून देतो, फोन करून ठेवा. मी रंजीताला फोन केला. फाट्यावर तीच येणार होती.